चार कोपऱ्यांचे चार खडे

जेवायला बसलं की आमच्याकडे पानात सगळ्यांत आधी मीठ वाढतात. सुनेचा हात सवयीने पुढे येतो, पानाच्या शेंड्याला चिमूटभर मीठ पडतं आणि माझा हात तिथेच थबकतो. नातवंडांना वाटतं, आजोबा डोळे मिटून श्लोक म्हणतायत. श्लोक कसला! मला धाकजीबा आठवलेला असतो. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मीठ वाढलं की तो येतो आणि पहिला घास उतरेपर्यंत समोरून हलत नाही.

दाभोळच्या खाडीत होडीने तासभर आत गेलं की आगरवाडी लागते. पंचवीस-तीस घरं, देवीचं देऊळ, एक शाळा आणि उरलेला सगळा चिखल. तिथे मी पंचवीस साली लोकल बोर्डाचा मास्तर म्हणून गेलो. मी देवरूखकडच्या डोंगरातला. आमच्याकडे पाणी वरून येतं आणि खाली जातं, परत येत नाही. दिवसातून दोनदा येणारं नि दोनदा जाणारं पाणी बघून पहिले काही दिवस मी पोरांपेक्षा खाडीकडेच जास्त लक्ष देत होतो.

होडीतून उतरून गावात जायला निघालो ती फाल्गुनातली भर दुपार होती. बांधापलीकडे खाजण होतं, म्हणजे भरतीचं पाणी पसरतं ती सपाट जागा. तिथे एक उंच, काळा, वाळका माणूस एकटाच गोल गोल फिरत होता. अंगात खाकी कोट, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला आणि पाय अनवाणी. मळणीच्या वेळी खळ्यावर बैल फिरतो, तसा. मी बांधावरून हाक मारली, "काय हरवलंय का हो?"

तो थांबला नाही. फिरता फिरताच म्हणाला, "हरवलां नाय काय. मीठ मारतंय."

हे मीठ मारणं काय ते मला गावात गेल्यावर कळलं. उधाणाचं पाणी खाजणातल्या खळग्यांतून साचतं. पुढे पंधरा दिवस ऊन तापलं की ते आटतं आणि तळाशी पांढरी खपली धरते. फुकटचं मीठ. देवाने द्यावं आणि माणसाने सुपात भरून न्यावं. पण सरकारचा कायदा असा, की मीठ करायचं तर परवान्याने आणि कर भरून. आपोआप धरलेलं मीठदेखील सरकारचंच. ते कोणी खरवडून नेऊ नये म्हणून चिखलात तुडवून टाकायला मीठखात्याने एक शिपाई ठेवला होता. तो शिपाई म्हणजे हा धाकजीबा. घराच्या दारात मीठ धरायचं, ते गावातलाच माणूस मारायचा, आणि गाव बाजारातून कराचं मीठ आणायचं.

असा माणूस गावाला नकोसा असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. एक तर तो मीठ मारताना आधी वाकायचा. बोटांनी खपलीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा आणि मग पाय ठेवायचा. दुसरं म्हणजे खात्याने दिलेल्या वहाणा त्याच्या ओटीवर खुंटीला टांगलेल्या होत्या, नव्याच्या नव्या. मीठ लागून लागून टाचांना भेगा पडल्या होत्या, त्यांतून रक्त यायचं, ते खाऱ्या चिखलाने झोंबायचं. मी एकदा म्हटलं, "अहो, घाला की वहाणा. सरकारनेच दिल्यात."

"मिठावर पायतान?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की मीच वरमलो. "गुरजी, तुमी पाटी पायान सारताव काय?"

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे सगळं गाव त्याला मानायचं आणि चिडवायचंही. धाकजीबा अळणी जेवायचा.

ते असं. धाकजीबाच्या बापाचं खाजणात मिठागर होतं. फार मोठं नव्हे, चार कोंड्यांचं. कोंडी म्हणजे चोपून घट्ट केलेला चौकोनी वाफा, त्यात पाणी आटवून मीठ धरायचं. धाकजीबा दहा-बारा वर्षांचा असताना सरकारने खाडीतली अशी बारकी आगरं बंद केली. माणसं आली, बांध फोडले, भरतीचं पाणी आत सोडलं. त्या दिवशी बापाने पानातलं मीठ बोटाने बाजूला सारलं आणि म्हणाला, आपल्या आगराचं मीठ परत होईल तेव्हा खाऊ. म्हातारा पुढे आठ-नऊ वर्षं जगला तो अळणी जेवूनच. मरताना त्याने मुलाला शपथ वगैरे काही घातली नाही. मुलाने आपली आपणच उचलली.

चाळीस वर्षं! त्याची बायको पारूबाय रोज दोन मडक्यांत कालवण करायची, एक घराचं आणि एक त्याचं. "एक चूल नि दोन संसार केलंय मी," असं ती म्हणायची, पण कुरकुरीचा सूर नसायचा. गावजेवणाला पंगत बसली की वाढप्याचा हात येण्याआधी धाकजीबा पानाच्या शेंड्यावर आपला पंजा पालथा घालून बसायचा. भात, नारळाचा रस आणि गूळ, एवढ्यावर त्याचं जेवण. पोरंटोरं त्याला 'अळणी आजा' म्हणायची. एकदा पंगतीत कोणीतरी खोडी काढली, "धाकजीबा, खाडीतला मासा खाताव, त्यात मीठ नाय काय?"

"हाय की. पण त्यां देवान घातलेलां हाय, सरकारान नाय," तो म्हणाला आणि भाताचा पुढचा घास घेतला.

आता एवढी खात्यावर चीड, तर मग खात्याची चाकरी कशाला? हा प्रश्न मला पडला तसा सगळ्यांनाच कधी ना कधी पडलेला होता. पोटासाठी, हे एक उत्तर झालं. आगर गेलं, भातजमीन हातभर, भाऊ मुंबईला गिरणीत गेले ते तिकडचेच झाले. आणि खात्यालाही मीठ कुठे कुठे धरतं हे डोळे मिटून सांगणारा माणूस हवाच होता. पण एका शनिवारी शाळा सुटल्यावर ओटीवर टेकला असताना त्याने मला दुसरं उत्तर दिलं. "मी नाय तर दुसरा कोन येल. तो बूट घालून मारील. मी निदान नमस्कार करून मारतंय."

हे ऐकून हसावं की रडावं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं.

मिठाची पारख त्याच्यासारखी मी कोणाची पाहिली नाही. जिभेला न लावता! बाजारातून आणलेला खडा तो दोन बोटांत धरायचा, कानाशी नेऊन चुरडायचा आणि सांगायचा, हे मुंबईकडच्या आगराचं, ह्याला पाणी घाईने आटवलेलं, हे पावसाळ्याच्या तोंडावर उचललेलं. माझ्या बायकोने त्याची परीक्षा घ्यायची म्हणून एकदा दोन पुरचुंड्या पुढे ठेवल्या. त्याने दोन्ही चुरडल्या आणि म्हणाला, "वैनी, दोनय एकाच पोत्यातली. एक चुलीजवळ ठेवलेली व्हती." खरं होतं. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याच्यासाठी तिसऱ्या प्रहरी गूळ-पाणी तयार असायचं.

त्यानेच मला मीठ कसं धरतं ते समजावून सांगितलं. वर्गात मी भूगोल शिकवायचो त्यापेक्षा शंभर पटीने चांगलं. पाणी आटत आलं की त्याला लालसर झाक येते. तळाशी मीठ बसतं आणि वर उरतं ते कडू पाणी. ते नेमक्या घटकेला बांधाच्या उघाडीतून खाडीत सोडून द्यायचं. "सगळां आटवाया जावचां नाय, गुरजी. लोभ केलाव की कडू. येळ चुकली की कडू. मीठ करना म्हंजे कवा सोडायचां त्यां कळना." उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी झाकणाचं दार. बोलताना तो झाकण उचलल्यासारखा हात वर न्यायचा आणि मग रिकाम्या हाताकडे बघत राहायचा.

आणखी एक रीत त्याने सांगितली होती. नवं मीठ धरलं की पहिली रास देवीपुढे न्यायची, त्याआधी घरातल्या कोणी खायचं नाही. पण देवीला कडू नेऊन कसं चालेल? म्हणून कोंडीच्या चार कोपऱ्यांतले चार खडे परक्या माणसाने चाखायचे. आगरवाल्याने आपल्या मिठाला आपल्याच तोंडाने चांगलं म्हणायचं नाही. चाखणाऱ्याने चांगलं म्हटलं तर रास उचलायची, कडू म्हटलं तर कोंडी मोडायची. "आमच्या बापसाचां मीठ चाखाया तुमच्याच जागेवरचा मास्तर यायचा," तो म्हणाला. "मास्तर खोटां बोलत नाय म्हनून."

तीस सालच्या चैत्रात मिठाचा कायदा मोडायची हाक देशभर गेली. आमच्या खाडीतही तालुक्याहून पंधरा-वीस स्वयंसेवक होडीतून उतरले. पुढे एक तरुण वकील होते. गोरे, नाजूक प्रकृतीचे, उन्हाने लाल झालेले, पण डोळ्यांत असं काही की सगळं गाव बांधावर गोळा झालं. मीही होतो, मुलांना आवरायला आलोय असं दाखवत, सगळ्यांच्या मागे.

त्यांनी तीन दगडांची चूल मांडली, तपेल्यात खाडीचं पाणी ओतलं आणि आटवायला लागले. तासाभराने तळाशी करड्या रंगाचा गोळा उरला. वकीलसाहेबांनी तो वर धरला, जयजयकार झाला, गावानेही हात वर केले. धाकजीबा कोट-पट्टा घालून बाजूला उभा होता. जे होईल ते बघून वरिष्ठांना कळवायचं, असा त्याला हुकूम होता. तो पुढे आला. लोकांना वाटलं, आता हा जप्त करणार. पुढची पोरं हात धरून आडवी उभी राहिली. धाकजीबाने त्यांच्यावरून हात लांब करून गोळ्याचा एक तुकडा घेतला, कानाशी चुरडला आणि त्याचं तोंड कसनुसं झालं.

"ह्यां काय केलाव?" तो म्हणाला. "ह्यां मीठ नव्हं. ह्यां गुराला देव नये."

वकील म्हणाले, "आजोबा, प्रश्न चवीचा नाही. कायदा मोडण्याचा आहे."

"मोडा की कायदा. पन मीठ कनाला मोडताव?"

आणि तो चालायला लागला. खाजणातून सरळ आपल्या बापाच्या आगराकडे. तिथे एका कोंडीचे बांध अजून गुडघाभर उभे होते. खाली वाकून तो हाताने चिखल लिंपायला लागला. थोड्या वेळाने मान वर करून ओरडला, "बगत काय रवलाव? या की हिकडं!"

पाच दिवस ते काम चाललं. वकील, विद्यार्थी, गावातली माणसं, सगळी धाकजीबाच्या हाताखाली. खळग्यातलं आधीच तापलेलं पाणी कोंडीत कसं घ्यायचं, तळ पायाने कसा चोपायचा, हे तो खेकसून खेकसून सांगत होता. वकिलांना त्याने दोनदा सगळ्यांदेखत 'आडमुठा' म्हटलं, आणि त्यांनी ते प्रसादासारखं घेतलं. मी इतका आनंदी माणूस त्यानंतर पाहिलेला नाही. एकच गोष्ट त्याला सुचली नाही. सरकारी कोट काढून ठेवायची. त्या उन्हात, चिखलात, तो खाकी कोट आणि बिल्ला तसाच त्याच्या अंगावर होता. राजीनामा द्यावा, निदान कोट घरी ठेवावा, हे कोणालाही सुचलं असतं. मलाही ते दिसत होतं, आणि मी त्याला सांगितलं नाही. मीठ धरत होतं, त्याला दुसरं काही दिसत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी पाणी लालसर झालं. त्याने सगळ्यांना गप्प केलं, उघाडीपाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग झाकण उचललं. कडू पाणी सळसळत खाडीत गेलं. तळाशी मीठ होतं. पांढरंशुभ्र, चौकोनी खड्यांचं.

तो चार कोपऱ्यांतले चार खडे तळव्यावर घेऊन बांधावर आला. माझ्यासमोर हात धरला. "गुरजी, चाखा."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी लोकल बोर्डाचा नोकर, घरी बायको आणि दोन लहान मुली. बेकायदा मीठ तोंडात घातल्याचं उद्या वर कळलं तर? मी हात मागे घेतला. पाठीमागे बांधला, हेच खरं. धाकजीबाला राग आला नाही. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि हात वकिलांकडे वळवला. वकिलांनी चारही खडे चाखले आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हणाले, "असं मीठ मी जन्मात खाल्लं नाही."

रास कोंडीच्या कडेला रचली गेली. लोक म्हणाले, धाकजीबा, आता खा. पारूबाय तर भाताचं मडकंच घेऊन आली होती. तो म्हणाला, "उद्या पुनव. देवीला दावतंय, मंग खातंय. चाळीस वरसां थांबलंय, आनखी एक दिस काय?"

त्या एका दिवसाने घात केला. सकाळी रास देवळात न्यायची म्हणून टोपली घेऊन लोक जमतात न जमतात, तोच मिठाचे साहेब पोलीस घेऊन हजर झाले. इतके दिवस ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गुंतले होते. त्यांनी रास पाहिली, धाकजीबाच्या अंगातला कोट पाहिला आणि फक्त एक शब्द म्हणाले, "मार."

धाकजीबा वाकला. मिठाला हात लावला, कपाळाला लावला. पण तो तसाच सरळ उभा राहिला. पाय उचलला नाही.

"ह्यां माज्यान नाय व्हायाचां, सायेब."

मग पोलीस पुढे झाले. धाकजीबा त्यांना अडवायला गेला नाही. तो एवढंच म्हणत राहिला, "बूट तरी काडा रे. बूट तरी काडा." कोणी काढले नाहीत. तो बांधावर खाडीकडे तोंड करून बसला आणि आवाज ऐकत राहिला. खडा चुरडल्याचा आवाज त्याच्याइतका कोणाला कळणार?

साहेबांनी मला बोलावून घेतलं. गावातला एकमेव शिकलेला आणि भानगडीत नसलेला माणूस म्हणून. विचारलं, "ह्या लोकांना मीठ करायला ह्यानेच शिकवलं का? तुम्ही रोज इथून जाता." वकील आणि त्यांची पोरं तुरुंगात जायला तयार होऊनच आली होती. माझ्या हो-नाहीने फक्त धाकजीबाचं बरंवाईट होणार होतं. 'मी शाळेत असतो, मला माहीत नाही,' एवढं म्हणणं पुरे झालं असतं. मी म्हणालो, "हो. शिकवलं."

खरं बोललो, अशी मी कित्येक दिवस स्वतःची समजूत घातली. ते खरं बोलणं नव्हतं. नुसती भीती होती.

धाकजीबाची नोकरी गेली आणि वर नऊ महिन्यांची सक्तमजुरी. सुटून आला तेव्हा शिमगा जवळ आला होता. वकील आणि पोरांना तालुक्यात हारतुरे झाले, तुरुंगात गेलेल्यांची नावं वाचून दाखवली, त्यांत धाकजीबाचं नाव नव्हतं. तो सरकारी नोकर, त्याला कोणत्या यादीत घालायचं हे कोणाला कळलं नसावं. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पण माणूस ओळखू येत नव्हता. गाल आत गेलेले आणि पाय मात्र सुजून खांबासारखे. इतकी वर्षं उकललेल्या टाचा सुजेने तुकतुकीत झाल्या होत्या.

मी भेटायला जायचं टाळत होतो. चौथ्या दिवशी तोच काठी टेकत शाळेच्या ओटीवर आला. मी काही बोलू बघत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "गुरजी, वाईट वाटून घेव नको. मी तितं सगळ्यांना सांगितलां, आमचा मास्तर खोटां बोलत नाय." हे तो कौतुकाने म्हणाला. खोचून बोलायची त्याला सवयच नव्हती. मला त्यापेक्षा त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चिपळुणाहून वैद्य आणले. त्यांनी नाडी पाहिली, पायावर बोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "मीठ संपूर्ण बंद." धाकजीबा हसायला लागला ते खोकला येईपर्यंत. म्हणाला, "वैदबुवा, उशीर केलाव. मी तुमच्या आधीच बंद केलंय."

आणि त्याच सुमाराला चळवळवाल्यांचा आणि सरकारचा तह झाला. खाडीकाठच्या लोकांनी आपल्या गावापुरतं मीठ करावं, उचलावं, सरकारची हरकत नाही, असं ठरलं. लोक सुपं घेऊन खाजणात उतरले, चिखलासकट खपली खरवडून नेऊ लागले. धाकजीबाने ती पाहिली आणि मान फिरवली. पाडवा झाल्यावर तो आणि पारूबाय दोघंच बापाच्या कोंडीवर गेली. पुन्हा बांध लिंपला, पुन्हा पाणी घेतलं. गावातली माणसं मदतीला यायची, पण तो कोणाला पाण्याला हात लावू द्यायचा नाही. वैद्यांच्या म्हणण्याची मी आठवण करून दिली, तर म्हणाला, "एक खडा, गुरजी. देवीला दावून एकच खडा. मंग काय व्हायाचां त्यां होवंदे." त्याला आयुष्यात एवढंच हवं होतं.

वैशाखातल्या एका रविवारी पारूबाय मला बोलवायला आली. चेहऱ्यावर लग्नघरचा उत्साह. वाटेत म्हणाली, "आज एकच मडकां चडवलंय, गुरजी. त्येचां-माजां एकच." चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

कोंडीत मीठ धरलं होतं. धाकजीबा बांधावर पाय पसरून बसला होता. अंगात साधी बंडी, कोट नव्हता. त्याने चार खडे माझ्यापुढे धरले. ह्या वेळी मी हात मागे घेतला नाही. पहिला खडा तोंडात घातला.

कडू होता.

फार नाही. शेवटी, जिभेच्या मुळाशी, पण होता. दुसरा तसाच, तिसरा आणि चौथाही तसाच. त्याच्या पायांकडे माझी नजर गेली आणि काय झालं असणार ते कळलं. पाणी लाल झालं त्या घटकेला हा माणूस घरातून उघाडीपर्यंत वेळेवर पोहोचू शकला नव्हता.

मी गिळलं आणि म्हणालो, "चांगलं आहे. उत्तम आहे, धाकजीबा."

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. साऱ्या जन्मात मला एक खोटं धड बोलायचं होतं, तेही साधलं नाही. जिथे खोटं बोलायला हवं होतं तिथे मी खरं बोललो, आणि इथे माझ्या तोंडानेच दगा दिला.

"गुरजी," तो हळूच म्हणाला, "तुमाला येत नाय त्यां कनाला करताव?"

मी अक्षरशः हात जोडले. "अहो, किंचित आहे. भातात कळणारसुद्धा नाही. खा. देवी काही म्हणायची नाही. आजच खा."

"किंचित म्हंजे कडूच." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून उठायला आधार घेतला. "बापसाच्या नावान ह्यां तोंडात घालू? माजाच उशीर झाला. पाय उचलला नाय. फुडल्या उधाणाला परत धरू."

पुढचं उधाण आलं तेव्हा तो अंथरुणावर होता. त्याच्या पुढच्याला तो नव्हता. त्याने मीठ खाल्लं नाही ते नाहीच. हे सगळं पुढचं. मला तो शेवटचा दिसला तो त्या रविवारीच. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीत मुलींना घेऊन देवरूखला गेलो आणि परत आलो तेव्हा त्याचे दिवस झालेले होते.

तर त्या रविवारी पारूबायने धाकजीबाकडे एकदा पाहिलं. बांधावरून उठली आणि दुसरं मडकं घासायला ओढ्याकडे गेली. धाकजीबा कोंडीत उतरला. हुकूम करणारं कोणी नव्हतं, साहेब नव्हता, पोलीस नव्हते. तो वाकला. वाकताना त्याला किती त्रास होत होता ते मला दिसत होतं. त्याने मिठाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि गोल फिरायला लागला. सुजलेलं एकेक पाऊल दोन्ही हातांनी उचलल्यासारखं टाकत, मी त्याला पहिल्यांदा पाहिला होता तसाच. फेरी पुरी झाली की उघाडीपाशी थांबायचा, झाकणावर हात टेकून दम घ्यायचा आणि पुन्हा निघायचा.